कशावर टाकू?

कालिंदीनं बिस्किटाचा कोपरा दातानं तोडला, जिभेवर घोळवला आणि चघळता चघळता थांबली. शेजारी बसून पद्मजा तिच्या तोंडाकडे बघत होती. गेलं वर्षभर ती दुसरं काही बघतच नव्हती म्हटलं तरी चालेल. "आई," कालिंदी म्हणाली, "ह्याला कुणाच्या तरी घरचा वास येतोय."

"कुणाच्या तरी म्हणजे? आपल्याच घरचा. सकाळी मीच केलीत की."

"अं हं. दुसऱ्या घरचा. तिथं एक आजोबा खोकतायत."

एवढं बोलून तिनं उरलेलं बिस्कीट तोंडात टाकलं आणि पाय हलवत खिडकीबाहेर बघत बसली. पद्मजा हसली. सहा वर्षांच्या पोरी तोंडाला येईल ते बोलतात, त्याचं काय एवढं! पण ते हसू ओठांवर गरजेपेक्षा जास्त वेळ राहिलं आणि शेवटी तिचं तिलाच ते पुसावं लागलं. तिनं डब्यातलं एक बिस्कीट उचलून नाकाशी धरलं. खोबरं, गूळ, वेलदोडा, तांदळाचा भाजका वास. राजारामपुरीतल्या त्या दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात माणसं तरी किती? ती, नवरा त्र्यंबक, कालिंदी आणि त्र्यंबकची थोरली विधवा बहीण, आक्का. खोकणारं कुणी नव्हतं. सासरे तिच्या लग्नाआधीच गेले होते, तेही झोपेत, कुणाला तोशीस न देता. मग कोण हे आजोबा, असं तिनं मनाशीच विचारलं आणि विचारल्याबद्दल स्वतःवरच चिडली. तरी दुपारी भांडी आवरताना तिच्या लक्षात आलं, की आपण मधूनमधून हात थांबवून कान देतो आहोत.

कालिंदी वाढत नव्हती, ही त्या घराची जुनी चिंता. एवढ्याशा जिवाला एवढं भारदस्त नाव, असं लोक थट्टेनं म्हणायचे. पुढं पुढं थट्टाही करेनासे झाले. हातपायांच्या काड्या आणि पोट मात्र टम्म. खाल्लेलं अंगी लागायचंच नाही. औषधं झाली, टॉनिकं झाली, जोतिबाला नवस झाला, दृष्ट काढून झाली. आणि त्या सगळ्या काळात पद्मजा तिला भरवत होती. गव्हाची खीर, तुपातला शिरा, दुधात कुस्करलेली पोळी, मांडीवर घेऊन, नाक दाबून, चिऊचा घास काऊचा घास करत. शेवटी मिरजेच्या एका डॉक्टरांनी सगळे कागद बघून सांगितलं, की हिच्या आतड्याला गहू सोसत नाही. गहू बंद. दूधही सध्या नको.

"म्हणजे पोळी कमी द्यायची का?" पद्मजानं विचारलं होतं.

"कमी नाही, बाई. कणसुद्धा नाही."

तो कण त्या दिवसापासून तिच्या डोक्यात जो शिरला तो निघेना. कणीक ह्या शब्दातच कण आहे, हे तिला तोवर कधी सुचलं नव्हतं. पोळपाटाच्या कडेला कण, लाटण्याच्या टोकाला कण, उन्हाच्या तिरिपीत तरंगणारे ते कसले असतात, तेही कणच. ज्या गावात कट्ट्यावर म्हशी उभ्या करून पेल्यात धार काढून देतात, त्या गावात आपल्या पोरीला दूध नाही, हे एक वेळ तिनं गिळलं. पण आपण आपल्याच हातानं, मांडीवर घेऊन, चिऊकाऊच्या नावानं तिला काय घातलं, हे काही तिला गिळता येत नव्हतं.

म्हणून ती बिस्किटं. कालिंदीला बिस्किटांचा फार सोस. पूर्वी पद्मजा रवा, मैदा, तूप, साखर घरून घेऊन बेकरीत नानकटाई भाजून आणायची, सगळ्या बायका आणायच्या तशी; पण आता बेकरीची पायरीसुद्धा नको, तिथं हवेतच मैदा. घरी ओव्हन कुठला? तिनं जाड बुडाच्या पातेल्यात वाळू तापवली, वाळूवर अडणी ठेवली, अडणीवर ताटली, वर झाकण आणि झाकणावर निखारे. पहिल्या खेपेला कोळसा झाला, दुसऱ्या खेपेला लगदा. मग हात बसला. नारळ वाढवायचा (फोडायचा म्हटलं की आक्का डोळे वटारायची), खोबरं किसून कढईत कोरडं परतायचं, त्यात तांदळाचं पीठ, शाहूपुरीतून आणलेला पिवळाधमक गूळ, तुपाऐवजी घाण्यावरचं खोबरेल, चिमूटभर मीठ, वेलदोडा. दूध नाही, तूप नाही, गहू नाही. हातावर थापून वाळूच्या उबेत ठेवायची आणि वास घराबाहेर जाईपर्यंत तिथंच बसून राहायचं. तांदूळ ती स्वतः निवडायची, धुऊन सावलीत वाळवायची, गिरणीत स्वतः घेऊन जायची. डबा कुणाच्या हाती म्हणून द्यायची नाही. दळणाच्या बाबतीतही तिचा हट्ट असे. पीठ पांढरंशुभ्र हवं, जोंधळ्यावर दळलेलं करडं तिला चालत नसे. कालिंदी ती बिस्किटं आवडीनं खायला लागली. दोन महिन्यांत फ्रॉक आखूड झाला. तो आखूड फ्रॉक हातात घेऊन पद्मजा स्वयंपाकघराच्या दाराआड मनसोक्त रडली होती. इतका आनंद तिला कालिंदी झाली तेव्हाही झाला नव्हता.

आणि आता हे आजोबा. ते एकदा आले आणि राहिलेच. कालिंदीनं पुन्हा त्यांचं नाव काढलं नाही, पण पोट पुन्हा फुगायला लागलं. आधी पद्मजाला वाटलं, आपल्याला भास होतोय. मग चड्डीची नाडी बांधताना ती पुरेना. पोरगी पुन्हा सकाळी उठून भिंतीला धरून बसू लागली आणि तिच्या डोळ्यांखाली तीच जुनी निळसर छाया दिसू लागली. मिरजेचे डॉक्टर म्हणाले, गहू जातोय. कुठून तरी जातोय, शोधा.

शोधायला ती कमी करणार होती का! शाळेतल्या पोरींचे डबे असतात म्हणून तिनं कालिंदीची शाळा सोडवली. पलीकडची बायडाबाई अंगणात गहू पाखडायला बसली की पद्मजा खिडक्या लावून घ्यायची. कालिंदीची ताट-वाटी वेगळी, पाण्याचा तांब्या वेगळा, टॉवेल वेगळा. त्र्यंबक पाटबंधारे खात्यातला कारकून, शांत माणूस, तोही एकदा वैतागून म्हणाला, "तुझ्या डोक्यात गव्हाशिवाय काही उरलंय का?"  त्याच्या शर्टाच्या खिशाशी तिला पोळीचा वास आला होता आणि तो शर्ट तिनं त्याच्यादेखत पाण्यात बुडवला. दिवसाउजेडी, सगळी माणसं घरात असताना, तिला वाटायचं की घरात आणखी कुणीतरी आहे. ते दारानं आलेलं नाही, पीठ उडावं तसं आलंय आणि पोरीच्या अंगाला बसलंय. झाडून निघणारं असतं तर तिनं दिवसभर झाडलं असतं. झाडतही होतीच म्हणा.

राहता राहिली आक्का. राधानगरीकडच्या खेड्यात जन्म गेलेली बाई. गहू बाधतो हे तिला पटतच नव्हतं. एकदा, अगदी सुरुवातीला, तिनं देवळातल्या प्रसादाचा शिरा कालिंदीच्या जिभेला लावला होता. "देवाचा परसाद बाधत न्हाय गं," म्हणाली होती. पद्मजानं तेव्हा जे थैमान घातलं त्यानंतर आक्कानं तसं काही केलं नव्हतं. निदान दिसेल असं. पण पोरगी दुपारभर तिच्याच कुशीत असायची. तिचे हात हुंगायचा कालिंदीला नादच होता. गोष्ट ऐकताना आक्काचा पंजा नाकावर धरून पडून राहायची. त्या पंजाला कशाचा वास असणार? तीस-चाळीस वर्षं कणीक मळलेला पंजा.

त्या दुपारी आक्का त्र्यंबकसाठी कणीक मळत होती आणि पद्मजा समोर उभी राहिली. "तुम्ही तिला काय देता, आक्का?"

"मी? मी काय देणार?"

"मग पोट का फुगतंय तिचं? मी देत नाही, हे देत नाहीत. घरात तिसरं आहे कोण?"

आक्काचे हात परातीतच थांबले. "पद्मजा, मी काय दिलेलं न्हाय तिला. कण न्हाय दिलेला. पायजे तर पोरीच्या डोस्क्यावर हात ठेवून सांगतो." आणि ती तशीच उठली. कालिंदी उंबऱ्यात बसली होती. आक्कानं तिच्या डोक्याकडे हात नेला, तो पांढरा, बोटांच्या पेरांत कणीक वाळलेली, आणि पद्मजा किंचाळली, "हात लावू नका तिला!"

हात जिथं होता तिथंच राहिला. बायडाबाईनं भिंतीपलीकडून विचारलं, काय झालं म्हणून. आक्कानं हाताकडे असं बघितलं, की जणू तो कुणी दुसऱ्यानं तिला धरायला दिला होता. मग तिनं तो धुतला. खूप वेळ धुतला. संध्याकाळच्या एस.टी.नं ती राधानगरीला गेली. त्र्यंबक स्टँडवर सोडायला गेला आणि परत आल्यावर पायातल्या चपला काढायला विसरून तसाच पलंगावर बसून राहिला. पद्मजानं त्या दिवसापासून गहू घरातूनच काढला. उरलेली कणीक गल्लीतल्या म्हशीला घातली, परात वाळूनं घासली. त्र्यंबक भाकरी खाऊ लागला, मुकाट्यानं.

आता घरात गहू नव्हता. आक्का नव्हती. कालिंदी दुसरं काही खायलाच तयार नव्हती म्हणून पद्मजा बिस्किटं जास्त करू लागली. सकाळी दोन, दुपारी दोन, मागेल तेव्हा एक. निदान हे तरी निर्मळ आहे, ती म्हणायची. निदान हे माझ्या हातचं आहे. आणि पोरगी वाळत चालली.

एके दिवशी दुपारी कालिंदी नव्या पिठाचं बिस्कीट हातात धरून कितीतरी वेळ बसली. खाईना. "काय गं?" पद्मजानं विचारलं.

"आज तिथं कुणी बोलत नाहीये."

 पद्मजानं आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला. "कुठं?"

"त्याच घरात. सगळी भिंतीला टेकून बसलीत. मोठ्ठ्या परातीत कणीक आहे, पण कुणी बोलत नाही."

"आणि आजोबा?"

कालिंदीनं बिस्कीट नाकाशी नेलं, नीट हुंगलं. "आजोबा नाहीत."

बाहेर रस्त्यावर कल्हईवाला ओरडत चालला होता. ऊन होतं, सगळं जिथल्या तिथं होतं. पद्मजानं बिस्कीट तिच्या हातातून काढून घेतलं, डब्यात टाकलं आणि डब्याचं झाकण दाबून त्यावर हात ठेवून बसली. आत काय आहे? तांदूळ, खोबरं, गूळ, तेल, मीठ. पुन्हा एकदा. तांदूळ, खोबरं, गूळ. लहानपणी एकटं वाटलं की ती घरातल्या माणसांची नावं अशीच घ्यायची, एक नाव सुटलं की ते माणूस परत येणार नाही अशी भीती वाटायची. तसं ती ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिली, आणि दर वेळी वाटायचं, एक नाव सुटतंय.

पीठ संपत आलं होतं, म्हणून बुधवारी ती गिरणीत गेली. केरबाची गिरणी गल्लीच्या टोकाला. आत शिरलं की पट्ट्याच्या फटफटाटात आपलंच बोलणं ऐकू येत नाही. भिंती, वायरी, कोळिष्टकं, केरबाच्या भुवया, सगळ्यावर पिठाचा थर. त्या पिठाला रंग नव्हता, म्हणजे कुठल्याच एका धान्याचा नव्हता. दर बुधवारी रांगेत पुढं असायची तशी झुंबरबाई पुढं होती. मागच्या गल्लीतली, ओळख फक्त गिरणीतली. तिच्या कपाळाला कुंकू होतं पण डोकीला तेल नव्हतं, चेहरा ओढलेला. पद्मजानं रीत म्हणून विचारलं, "बरं नाही का, झुंबरबाई?"

"मामंजी गेलं की आमचं. तुमाला कळलं न्हाय? लई खोकायचं बघा. रातध्याड खोकायचं, भिंती हालायच्या." झुंबरबाईनं पदर तोंडाशी नेला. "मागल्या खेपंला मी तुमच्या म्होरं न्हवतो व्हय? ते तेराव्याचंच दळाण हुतं. एवढा गहू दळला, पण घरात कुणाच्या तोंडातनं सबूद निघंना."

पद्मजाला एकदम कानात दडे बसल्यासारखं झालं. गिरणी फिरत होती, आवाज नव्हता. झुंबरबाईचा गहू जात्यावरच्या चाडीतून खाली सरकत होता, तळाशी थोडेच दाणे उड्या मारत होते. खाली कापडी पिशवीतून पीठ पडत होतं. केरबानं पद्मजाचा डबा उचलला, झाकण काढलं, आणि तो नेहमी ओरडतो तसा ओरडला, "वैनी, तांदूळ न्हवं? गव्हावरच टाकतो की!"

कशावर टाकू, असं तो सुरुवातीला विचारायचा. दळणाला आलेल्या प्रत्येक बाईला विचारतो, त्यात विशेष काय. आधीच्याचं थोडं पीठ जात्यात राहतं, ते पुढच्याच्यात उतरतं, म्हणून विचारायचं. त्यांचं थोडं आपल्याकडे, आपलं थोडं त्यांच्याकडे, ह्यावर कुणी वाद घालत नाही. आणि पद्मजा काय सांगायची? तिला तिचाच आवाज ऐकू आला, जरासा ठसक्यातला, चार बायकांत ऐकू जाईल असा. गव्हावर टाका हं, केरबा. जोंधळ्यावर नको, पीठ करडं होतं. मुलीच्या बिस्किटांना हवंय. गव्हावरच टाका. एकदा नाही, प्रत्येक बुधवारी. पुढं पुढं केरबानं विचारायचंच सोडलं, कारण वैनींचं ठरलेलं.

"थांबा!" ती इतक्या मोठ्यानं ओरडली की रांगेतल्या सगळ्या बायका वळल्या. तिनं केरबाच्या हातातून डबा ओढून घेतला. थोडे तांदूळ सांडले. ते न उचलता ती बाहेर आली आणि उन्हात उभी राहिली. तिच्या पदरावर, हातांवर, पापण्यांवर बारीक पीठ बसलं होतं. कुणाकुणाच्या घरचं कुणास ठाऊक. खोकणाऱ्यांचं, मुक्या झालेल्यांचं, लग्नघराचं, बाळंतिणीचं. सगळी घरं त्या एका दगडाखालून एकमेकांत जात होती, आणि तिनं त्यांना डबा भरभरून आपल्या पोरीच्या पोटात नेलं होतं. बाकीच्या पोरांना ती पचतात. तिच्या पोरीला पचत नव्हती, एवढाच काय तो फरक.

संध्याकाळी तिनं त्र्यंबकला सगळं सांगितलं. तो ऐकत राहिला. मग एवढंच म्हणाला, "आणि आक्का?"

 पद्मजानं पिठाचा डबा रिकामा केला, वाळू फेकून नवी आणली, पातेलंही नवं घेतलं. कपिलतीर्थाजवळ वडारणीकडून कोरा पाटा-वरवंटा विकत घेतला, ज्यावर अजून चटणीसुद्धा वाटलेली नव्हती. तांदूळ भिजवले, निथळले, आणि त्या पाट्यावर स्वतः वाटले, खांदे भरून येईतो. खोबऱ्याच्या किसात ते कालवलं, गूळ घातला, तेल घातलं, वाळूच्या उबेत ठेवलं. पहिलं बिस्कीट थोडं तडकलं, पण झालं छान. तिनं ते कालिंदीच्या हातात दिलं आणि समोर मांडी घालून बसली. निकालाची वाट बघणाऱ्या पोरासारखी.

कालिंदीनं हुंगलं. खाल्लं. पुन्हा हुंगलं.

"कुणाच्या घरचा वास येतो?" पद्मजानं विचारलं.

"कुणाच्याच नाही."

"नक्की?"

"कुणाच्याच नाही," कालिंदी म्हणाली. मग थोडं थांबून, "आपल्या पण नाही."

पोट उतरायला लागलं. दिवाळीपर्यंत पोरगी गल्लीत पळायला लागली, डोळ्यांखालची छाया गेली, फ्रॉक पुन्हा आखूड झाला. ह्या वेळी तो हातात घेऊन पद्मजाला रडू आलं नाही. घर स्वच्छ होतं. इतकं स्वच्छ, की संध्याकाळी दिवा लावताना आपण दुसऱ्याच्या बिऱ्हाडात आलो आहोत असं तिला वाटायचं. ती स्वतःचा तळहात नाकाशी धरायची. लहानपणापासून त्याला एक वास होता, तिच्या आईच्या हातालाही तोच होता. ओल्या कणकेचा, जरासा आंबूस, कोमट. तो गेला होता. त्या जागी काहीच नव्हतं, साबणही नाही. कालिंदी झोपताना तिचा पंजा नाकावर घ्यायची, हुंगायची आणि सोडून द्यायची. रुसून नाही, काही नाही. नुसतं सोडून द्यायची. ते पद्मजाला सहन होईना.

एका रविवारी तिनं डबा भरून बिस्किटं घेतली आणि कालिंदीला घेऊन राधानगरीची गाडी पकडली. त्र्यंबक येतो म्हणाला, तिनं नको म्हटलं. आक्का दारातच भात वाळवत बसली होती. त्यांना बघून उठली, पुढं आली, आणि हाताच्या अंतरावर थांबली. "पोरगी सुदारली की," ती म्हणाली. तोंडभर हसली, पण हात पाठीमागं होते.

"आक्का, गहू मीच घालत होते तिला," पद्मजा म्हणाली. एस.टी.त तिनं पुष्कळ वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवलं नाही. "बिस्किटांतनं. तांदूळ मी गव्हावर दळत होते. तुम्ही काही दिलं नव्हतं."

आक्कानं ते ऐकलं. गव्हावर, असं हळूच स्वतःशी म्हटलं, आणि तिच्या चेहऱ्यावर राग यायच्या आधीच दुसरंच काहीतरी येऊन गेलं, कारण जन्मभर तीही तांदूळ गव्हावरच दळत आली होती. "पांडरं येतंय म्हनून," ती म्हणाली.

"हो. पांढरं येतं म्हणून."

कालिंदी तोवर आक्काच्या मागं जाऊन पोचली होती. तिनं पाठीमागचा तो हात शोधून काढला आणि नाकावर धरला. आक्का दचकली. "नगं गं बाळा, सकाळी चपात्या केल्यात. धुतलेत हात, कोपरापातुर धुतलेत, पर नगं." आणि हात सोडवून घेऊन तो वर धरून उभी राहिली, कुठं ठेवावा ते न कळून, पद्मजाकडे बघत.

"हा आपल्या घरचा," कालिंदी म्हणाली.

पद्मजाची जुनी भीती उठली. कण, एक कण, पेरांत, नखाखाली. ती भीती आता जन्मभर जाणार नव्हती, हे तिला तिथंच कळलं. तिनं आक्काचा तो वर धरलेला हात धरला, खाली आणला आणि कालिंदीच्या डोक्यावर ठेवला.